घड्याळ घालून झोपणारी माणसं

झोपताना हातातलं घड्याळ काढून ठेवावं की तसंच राहू द्यावं, यावरून आमच्या घरात तीन वेळा भांडण झालं. पहिलं माझ्या आईवडिलांचं. दुसरं माझं आणि मंडळींचं. तिसरं सध्या चालू आहे, ते माझं आणि सुनेचं.

मागच्या वर्षी माझ्या छातीत दुखलं. नगरला नेलं, दोन स्टेन बसवल्या, घरी आणलं. पोरगा पुण्याला नोकरीला असतो, त्याने मनगटाला बांधायचा एक काळा पट्टा आणून दिला. त्याला घड्याळ म्हणायचं की काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. वेळ दाखवतं, पण वेळ हे त्याचं मुख्य काम नाही. नाडी मोजतं, पावलं मोजतं आणि माणूस किती झोपला तेही सांगतं. मी पहिल्याच रात्री सवयीने ते काढून उशाशी ठेवलं. सकाळी सूनबाई म्हणाली, “मामा, रात्री काढायचं नाही हो. रात्रीचंच तर बघायचंय.”

मी म्हणालो, “आमच्यात झोपताना घड्याळ घालत नाहीत.”

हे साफ खोटं होतं. आतून चुलीपाशी बसलेली मंडळी हसली. तिला सगळं ठाऊक होतं. तेव्हा म्हटलं, ही गोष्ट एकदा नीट लिहूनच काढावी.

आमचं गाव प्रवरेच्या डाव्या कालव्यावर. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, हिने जन्मात घड्याळ वाचलं नाही. तिला रात्र वाचता यायची. मार्गशीर्षात तिकांडं डोक्यावर आलं की मध्यरात्र झाली. उत्तरेला सात चांदण्यांचं बाजलं, त्याचे पुढचे चार म्हणजे खुर आणि मागचे तीन म्हणजे चोर, ते बाजलं कुठल्या अंगाला कललं यावरून ती जात्यावर बसायची वेळ ठरवायची. त्यात चूक झाली तरी फार तर दळण लवकर आटपायचं. कोणाचं काही अडत नव्हतं. “घटकाभर पडते” असं ती दुपारी म्हणायची. तिची घटका कधी वीत असायची, कधी हात असायची.

खरी घटका चोवीस मिनिटांची. दिवसरात्र मिळून साठ घटका. ती मी लहानपणी एकदाच मोजलेली पाहिली, गावातल्या एका लग्नात. जोशीबुवांनी घंगाळात पाणी भरून त्यात तांब्याची बारीक भोक पाडलेली वाटी सोडली होती. भोकातून पाणी वर यायचं, वाटी भरायची आणि बुडायची. बुडाली की एक घटका झाली. आम्ही पोरं वाटी कधी बुडते म्हणून घंगाळाभोवती उकिडवी बसलेलो. जोशीबुवांच्या हातात तोवर घड्याळ आलेलं होतं, आणि मंगलाष्टकं त्यांनी घड्याळ बघूनच सुरू केली. वाटी आपली मानाला ठेवलेली. घटी, घडी, घड्याळ असा तो शब्द त्या वाटीतूनच आला, हे मला फार पुढे कळलं.

घड्याळाची वेळ आमच्याकडे आली ती रेल्वेने. दौंड-मनमाड लाइनीवर बेलापूर स्टेशन आहे, श्रीरामपूरचं. गाडी धरायची असेल तर तिथल्या घड्याळाचं ऐकावं लागे. 1906 च्या 1 जानेवारीपासून सरकारने साऱ्या देशाला एक वेळ लावली. पण मुंबई शहर आपली जुनी वेळ सोडेना, ते 39 मिनिटं मागे चालत राहिलं, थेट 1955 पर्यंत. त्यात दुसऱ्या लढाईत 1942 साली सरकारने सगळी घड्याळं एक तास पुढे नेली आणि 1945 ला पुन्हा मागे आणली. आजी त्याला ‘लढाईचा टाईम’ म्हणायची. तिचं म्हणणं, साहेबाने घड्याळ पुढे केलं तरी म्हशीने पान्हा तेव्हाच सोडला.

मनगटी घड्याळ घालून झोपलेला पहिला माणूस मी पाहिला तो आमच्या भावकीतला. आम्ही त्यांना थोरले आबा म्हणायचो. मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून आलेले. हातात वेस्ट एंड कंपनीचं घड्याळ. त्या काळी पलटणीतल्या माणसांच्या हातात हेच घड्याळ जास्त दिसायचं. आबा अंघोळीला तेवढं ते काढत. बाकी नांगर धरताना, जेवताना, झोपताना हातातच.

मनगटावर घड्याळ बांधायची रीतच मुळी शिपायांनी पसरवली. त्याआधी पुरुष घड्याळ खिशात ठेवत, साखळीला अडकवून. मनगटावरचं घड्याळ हा बायकांचा दागिना समजत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या शिपायांना एका ठरल्या मिनिटाला वर उडी घ्यायची असायची. एका हातात बंदूक, मग खिशातून घड्याळ काढणार कोण? ते मनगटावर आलं आणि लढाई संपल्यावर तिथंच राहिलं. म्हणजे हातात घड्याळ बांधून झोपणारे पहिले लोक ऐषआरामाचे नव्हते. कोणीतरी उठवील म्हणून निजणारे होते.

आबांच्या घड्याळाचे काटे अंधारात हिरवे चमकायचे. त्याला सगळे ‘रेडियमचं घड्याळ’ म्हणत. आबा ओट्यावर घोंगडी घेऊन निजले की हात बाहेर असायचा आणि मनगटावर काजवा बसल्यासारखा दिसायचा. आम्ही पोरं तो काजवा बघायला पायांचा आवाज न करता जवळ जायचो. आबा डोळे न उघडता म्हणायचे, “कोण हाय? पावणेदहा झाले, घरी जावा.” वेळ बरोबर असायची.

त्या हिरव्या उजेडाची गोष्ट मी पुढे गावच्या वाचनालयातल्या एका मासिकात वाचली आणि दोन दिवस माझ्या डोक्यातून गेली नाही. अमेरिकेत न्यू जर्सी वगैरे भागांत कारखान्यांमध्ये तरुण पोरी घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरायच्या. काटे बारीक, आकडे बारीक, म्हणून ब्रशाला टोक यावं यासाठी तो ओठांत धरून ओला करायच्या. तसंच करायला त्यांना शिकवलं होतं. दर वेळी थोडं रेडियम पोटात जायचं आणि हाडांत बसायचं. त्यांचे जबडे सडले, दात पडले, कित्येक जणी गेल्या. 1920 नंतरच्या दहा वर्षांतली ही हकिकत. काही जणींनी मरता मरता कारखान्यावर दावा लावला, 1928 साली तडजोड झाली. काचेच्या आत असलेला तो रंग घालणाऱ्याला तसा त्रास देत नव्हता, त्रास झाला तो भरणाऱ्यांना. आणि आणखी एक, चमक काही वर्षांनी विझते, पण रेडियम विझत नाही. ते अर्धं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. आबा गेले, त्यांचं घड्याळ त्यांच्या नातवाकडे कुठंतरी असेल. काटे काळे पडले असतील. आत ते अजून जागंच आहे.

आता आमच्या घरच्या घड्याळाकडे येतो. पण त्याआधी पाण्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर शेतकऱ्याला घड्याळ कशाला, असं कोणालाही वाटेल.

भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं. तिथलं पाणी प्रवरेत सोडतात, ते संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्याला अडतं आणि तिथून डावा-उजवा असे दोन कालवे निघतात. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून पोटचाऱ्या. पाणी आलं म्हणून ऊस आला, ऊस आला म्हणून 1950 साली लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, हे सगळ्यांना माहीत आहे. पाण्याबरोबर आमच्याकडे घड्याळ आलं, हे कोणी लिहीत नाही. विहिरीवर मोट होती तोवर पाणी आपलं आणि वेळही आपली. बैल दमले की मोट थांबली. पाटाचं पाणी तसं नाही. ते वरच्या शेतातून येतं आणि खालच्या शेतात जातं, मधे आपल्यापाशी ठरलेले तास थांबतं. सात नंबरचा फॉर्म भरायचा, पाळी लागायची, आणि पाळी लागल्यावर आमच्या पोटचारीवरच्या बारा खातेदारांनी तास वाटून घेतलेले. कोणाचे चार, कोणाचे सहा. पाट काही रात्री झोपत नाही, तेव्हा निम्म्या लोकांची बारी रात्रीचीच.

सुरुवातीला चारीवर घड्याळ एकच, पाटकऱ्याच्या हातातलं. त्याचं घड्याळ म्हणजे कायदा. त्याने दोन वाजले म्हटलं की दोन वाजले. कोणाच्या बारीत त्याचं घड्याळ पळायचं, कोणाच्या बारीत लंगडायचं, आणि ते कशाने पळायचं हे सगळ्या चारीला माहीत होतं. अर्धा तास पाणी म्हणजे दोन-तीन गुंठे ऊस. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा अशा एका रात्री त्या माणसाशी भांडले. तो एवढंच म्हणाला, “तुमच्याकडं घड्याळ हाय का? मग बोलू नका.”

त्या वर्षी उसाचं बिल आल्यावर दादांनी दुसरं काही घेतलं नाही, घड्याळ घेतलं. 1971 साल. एचएमटी, जनता. बेंगळूरला सरकारने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीची मदत घेऊन घड्याळांचा कारखाना काढला होता, त्यातलं हे. पांढरी तबकडी, तपकिरी कातडी पट्टा. तेव्हा हे घड्याळ दुकानात गेलं आणि मिळालं असं नव्हतं. मुंबईला गिरणीत असलेल्या मामांनी कुठंतरी नाव लावून ठेवलं आणि चार महिन्यांनी आणलं. रोज चावी द्यावी लागायची. दादा दिवे लागणीला ओट्यावर बसून चावी देत, वीस-बावीस फेरे, शेवटी चावी घट्ट लागली की थांबत. तेवढ्या वेळात त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही.

आणि ते हातात घालूनच झोपायला लागले.

आता वाचणारा विचारील की मनगटी घड्याळ काही गजर करत नाही, मग घालून झोपायचं कशासाठी? मीही विचारलं होतं. दादांच्या घड्याळाला आबांसारखे चमकणारे काटेही नव्हते. पण त्यांचं असं होतं. हात उशीखाली नाहीतर कानाखाली घ्यायचा, टिकटिक कानात चालू राहायची. झोप लागायची पण खोल जायची नाही. तास-दीड तासाने आपसूक जाग आली की काडी ओढायची, मनगट तोंडासमोर धरायचं, वेळ बघायची, काडी विझवायची, पुन्हा पडायचं. घड्याळ खुंटीवर असेल तर उठावं लागतं, कंदील मोठा करावा लागतो, घर जागं होतं. रात्रीत पाच-सहा काड्या जायच्या. आई सकाळी अंथरुणाशेजारच्या जळक्या काड्या गोळा करायची आणि म्हणायची, “ह्या माणसाला झोप लागती का घड्याळाला पहारा देतो?”

पहिलं भांडण 1973 च्या उन्हाळ्यात झालं. बहात्तरचा पाऊस गेलेला. धरणातच पाणी नाही तर कालव्यात कुठलं? पाळ्या लांबल्या, तास कापले. आमच्या सहा तासांचे तीन राहिले, रात्री दीड ते साडेचार. खालचे लोक सुकडी खाऊन दुष्काळी कामावर खडी फोडत होते. आमच्याकडे निदान ऊस उभा होता, म्हणून आम्ही स्वतःला सुखी समजत होतो. सगळं घर मळ्यातल्या छपरात राहायला आलं होतं. धाकटी बहीण तेव्हा आठ-नऊ महिन्यांची. ती दादांच्या कुशीत निजायची, आणि एका रात्री कूस बदलताना दादांच्या घड्याळाची कडी तिच्या गालाला लागली. डोळ्याच्या खाली बोटभर ओरखडा. रक्त आलं. आई कधी आवाज न चढवणारी बाई. तिने दादांचा हात धरला, पट्टा सोडला, घड्याळ छपराच्या मेढीला खिळ्यावर अडकवलं आणि म्हणाली, “पोरीचा डोळा गेला असता. आजपासून हे हितं राहील.”

दादा काही बोलले नाहीत. दोन रात्री घड्याळ मेढीवर राहिलं. तिसऱ्या रात्री आमची बारी होती. दादा दिवसभर विहिरीतला गाळ काढत होते, त्यांना उभं राहवत नव्हतं. मी चौदा वर्षांचा. दादा म्हणाले, “तू जागा राहा. कंदील बारीक ठेव. एक वाजला की मला उठव.”

मी मेढीला पाठ लावून बसलो. डोक्यावर घड्याळ टिकटिकत होतं. दहा वाजलेले बघितले. अकरा वाजलेले बघितले. पावणेबारा बघितल्याचंही आठवतं. मग मी डोळे उघडले तेव्हा पूर्वेला तांबडं फुटलं होतं आणि कंदील विझला होता. घड्याळात सव्वापाच.

मी पळत चारीवर गेलो. बारं पुढं फुटलेलं. आमच्या बारीला कोणी आलं नाही हे बघून खालच्या चुलत्याने पाणी आपल्याकडे वळवलं होतं. त्याचं चुकलं असं मी आज म्हणणार नाही. वाहतं पाणी उभं ठेवता येत नाही, आणि त्याचाही ऊस जळतच होता. मी परत आलो तेव्हा दादा उठून छपराच्या दारात उभे होते. त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर मी ते विसरलो असतो. त्यांनी मेढीवरचं घड्याळ काढलं, चावी दिली, मनगटावर बांधलं आणि फावडं घेऊन निघून गेले. आईने बघितलं. तीही काही बोलली नाही.

पुढची पाळी महिन्याने लागली. तोवर वीस गुंठे खोडवा वाळून चिपाड झाला. बैलांनीसुद्धा त्याला तोंड लावलं नाही. मी शहात्तर साली दहावी झालो आणि शाळा सोडली. ती त्या वीस गुंठ्यांमुळे सोडली असं नाही, मला गणित येत नव्हतं. पण दादांनी “पुढं शीक” म्हणून एकदाही म्हटलं नाही, तेव्हा मला तो ऊस आठवला.

त्या दिवसापासून दादा घड्याळ काढून झोपले नाहीत. बहीण मोठी झाली, नांदायला गेली, विहिरीला मोटर आली, पाळीच्या पाण्याचं तेवढं महत्त्व राहिलं नाही, तरी नाही. उन्हाळ्यात पट्ट्याखाली घाम साचून पुरळ यायचं, आई खोबरेल लावायची, दादा तेल पुसून पुन्हा पट्टा बांधायचे. डॉक्टर म्हणायचे, रात्री तरी मनगटाला हवा लागू द्या, पट्टा कोरडा करा, सैल ठेवा. त्यांचं सगळं बरोबर होतं.

माझं घड्याळ मात्र वेगळ्या वाटेने आलं, आणि ते लिहायला मला लाज वाटते. 1983 साली माझं लग्न झालं. हुंडा नको असं दादांनी आधीच सांगितलं होतं. पण त्या काळात घड्याळ, अंगठी आणि सायकल ही हुंड्यात धरतच नसत, तो जावयाचा मान समजत. मांडवात मला कळलं की घड्याळ नाही. मित्र हसले. मी रुसलो. चांगला चोवीस वर्षांचा बाप्या, पाटावर बसायला तयार नाही. सासरे मांडवातून उठून कुठंतरी गेले. दोन तासांनी आले तेव्हा त्यांच्या हातात डबी होती. मुहूर्त टळून गेला होता. घड्याळ आपोआप चालणारं, हात हलला की चावी बसणारं. मी ते घातलं आणि बोहल्यावर उभा राहिलो. फोटोत माझा डावा हात पुढे आहे.

तेव्हा आमच्या विहिरीवरच्या मोटरीला रात्रीची वीज असायची. बारा वाजता येणार, पहाटे जाणार. मीही दादांसारखा घड्याळ घालून झोपायला लागलो. आपोआप चालणाऱ्या घड्याळाला हातात ठेवलेलं बरंही असतं, नाहीतर एक-दीड दिवसात बंद पडतं, हे मला आयतंच कारण सापडलं. मंडळींच्या बांगड्या त्याच्यावर आपटून पिचायच्या. काच अंथरुणात. एका सकाळी मी तिला म्हणालो, बांगड्या काढून झोपत जा. ती काच वेचत होती. वर न बघता म्हणाली, “बांगड्या मी माझ्या बापाच्या पैशानं भरल्या नाहीत. घड्याळाचं व्याज तो अजून भरतोय.”

मला माहीतच नव्हतं. सासऱ्यांनी त्या दिवशी गावातल्या एकाकडून शेकडा तीन रुपये महिन्याच्या व्याजाने पैसे उचलले होते. लग्नाला तोवर दोन वर्षं झाली होती. मी त्या हंगामात बिलाचे पैसे घेऊन सासुरवाडीला गेलो. सासरे घेईनात. शेवटी सावकाराचं घर विचारून परस्पर त्याला दिले. घड्याळ दिवसा वापरत राहिलो, फेकण्यासारखं ते नव्हतं. पण रात्री ते हातावर ठेवून झोपणं मला जमलं नाही. बाजारातून एक गजराचं डबा घड्याळ आणलं. त्याच्या आवाजाने आजूबाजूच्या तीन वस्त्या उठायच्या.

दादा 2004 साली गेले. अंघोळ घालताना मी त्यांच्या मनगटाचा पट्टा सोडला. खाली दोन बोटं रुंद पांढरी पट्टी होती. बाकी हात उन्हाने काळाठिक्कर, आणि तेवढी जागा लहान पोराच्या कातडीसारखी. आईने तिथं हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. घड्याळ चालू होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांना मी चावी देताना पाहिलं होतं. ते कोणी बंद केलं नाही, रात्री केव्हातरी आपलं आपण थांबलं. आता ते पत्र्याच्या पेटीत आहे. एचएमटीची घड्याळं काढायचं सरकारने 2016 साली बंद केलं, तेव्हा पेपरात बातमी आली होती. ती बातमी कापून मी पेटीत घड्याळाजवळच ठेवली.

आता तिसरं भांडण. सुनेचा शब्द मोडता येईना, म्हणून मी तो काळा पट्टा घालून झोपायला लागलो. आठ दिवस अवघड गेलं. काचल्यासारखं व्हायचं. खाली हिरवा उजेड लागतो-विझतो, थोरल्या आबांचा काजवा परत आल्यासारखा. फरक इतकाच की आबा त्याच्याकडे बघायचे, हा माझ्याकडे बघतो.

दोन महिन्यांनी तपासणीला गेलो. सुनेने फोनमधला आलेख डॉक्टरांना दाखवला. तरुण डॉक्टर, शहरातला. तो खाली-वर बघत राहिला. मग म्हणाला, “काका, तीन-चार रात्री चांगली झोप आहे. मग तीन-चार रात्री बारानंतर झोपच नाही, नाडी वाढलेली, चालणं दिसतंय. परत चांगली. परत तेच. हे ठरावीक दिवसांनी काय होतं तुम्हाला? काही टेन्शन?”

मी म्हणालो, “साहेब, ती दुखण्याची पाळी नाही, विजेची आहे.”

त्याला कळेना. मग समजावून सांगितलं. शेतीपंपाची तीन फेजची वीज आलटून-पालटून मिळते, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची आली की उठून दारं धरायला जायचं. उसात बिबट्या असतो, म्हणून काठी, बॅटरी आणि सोबतीला गडी नाहीतर मंडळी. दिवसा वीज द्यायची म्हणून सौर वाहिनीची योजना 2017 साली आली, काही गावांना मिळतेही. आमची चारी अजून रात्रीवर आहे. डॉक्टर ऐकत होता. त्याने आलेखावर बोट ठेवून रात्री मोजल्या आणि चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर सुनेला विचारलं, काय लिहिलं? ती म्हणाली, “जागरण टाळावे.”

चाळीस वर्षं दादा जागे होते, त्याचा कागद कुठं नाही. काड्या आईने चुलीत घातल्या. माझा मात्र आलेख आहे. दादांच्या हातावर असा पट्टा असता तर काय दिसलं असतं, असा विचार त्या दिवशी घरी येताना एसटीत मनात आला, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा रात्रीची वीज लागली.

त्या रात्री पेटी उघडली. दादांचं घड्याळ काढलं, चावी दिली, वीस-बावीस फेरे. इतक्या वर्षांनी लगेच चालायला लागलं. उजव्या हाताला ते बांधलं, डाव्या हाताला सुनेचा पट्टा होताच. हात कानाखाली घेऊन पडलो. टिकटिक तशीच. सव्वाबाराला मंडळींनी हलवलं. अंधारात तिचा हात आधी माझ्या डाव्या मनगटाला लागला, मग उजव्याला.

“हे कधी काढलं?” तिने विचारलं.

“संध्याकाळी.”

तिने काही विचारलं नाही. बॅटरी लावली, माझ्या चपला पुढे सरकवल्या, आणि म्हणाली, “चला, लाइट आली. मी काठी घेते.”